ताटाची डावी बाजू

केतकी वाळिंबेला खेळांचा वीट आला होता, आणि पोटापाण्याचा धंदा नेमका तोच होता.

सकाळी दात घासले की ब्रश म्हणायचा, 'वा, आज मागच्या दाढासुद्धा.' आरशाच्या कोपऱ्यात एक तारा उगवायचा. पाण्याची बाटली घोट मोजून शाबासकी द्यायची. सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपात ओला-सुका नीट वेगळा टाकला की आतून टाळ्या वाजायच्या. ऑफिसात पन्नाशीचे बाप्ये 'महिनाभर झोप पूर्ण' असा बिल्ला छातीवर मिरवत फिरायचे आणि एकालाही त्याची लाज वाटत नसे. "अरे, दात घासलेत, गड नाही जिंकला," असं केतकी ब्रशला सुनवायची. ब्रश त्यावरही तारा द्यायचा. मेल्याला राग यायची सोयच नव्हती.

चीड जास्त यायची ती एका कारणानं. या सगळ्या कौतुकसोहळ्याचा पाया घालणाऱ्यांत ती स्वतः होती. नाशिकच्या एका कंपनीत ती खेळ रचायची, आणि तिच्या हातून घडलेली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे 'सवंगडी' नावाचा कॅरम बोर्ड.

त्यातली युक्ती तशी साधी. माणूस खेळ सोडतो तो हरतो म्हणून नव्हे. हरणं माणसाला चालतं, कधी कधी आवडतंही. तो उठतो ते आशा संपली की. आणि आशा संपायच्या जरा आधी शरीर चुगली करतं. बोटाची टोकं गार पडतात, घाम बदलतो, दोन फटक्यांमधला वेळ लांबतो, नजर बोर्डावरून उठून खिडकीकडे जाते. सवंगडीच्या स्ट्रायकरच्या कडेला नाडी आणि घाम टिपणारी पट्टी होती. वर लोंबणाऱ्या दिव्यात कॅमेरा होता. तो सोंगट्याही बघायचा आणि खेळणाऱ्याचे डोळेही. बोर्डाच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची जाळी, आणि दिसायला लाकडी असलेल्या प्रत्येक सोंगटीत लोखंडाची पातळ चकती. खेळणारा कंटाळायच्या बेतात आला की जाळीतून क्षणभर वीज जायची आणि धावती सोंगटी तांदळाच्या दाण्याएवढी वळायची. एवढं पुरतं. भोकाच्या काठावर अडणारी सोंगटी आत पडते, माणूस मनात म्हणतो, 'आज हात बसलाय', आणि आणखी एक डाव लावतो.

या वळवण्याला केतकीनं नाव दिलं होतं 'लिंबू'. लहानपणी गल्लीत लपंडाव असो की लगोरी, शेंबड्या पोराला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे. त्याच्यावर राज्य यायचं नाही, ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही. घरच्या कॅरममध्ये केतकीही कच्चं लिंबू होती. स्ट्रायकर कुठूनही मारायची तिला मुभा होती, चुकलं तर परत मार. मग एका मे महिन्यात बाबांनी बोटांना पावडर लावता लावता जाहीर केलं, "आजपासून केतकी कच्चं लिंबू नाही." आणि एकही सोंगटी घेऊ न देता तिला धुऊन काढलं. आई त्यांच्यावर वैतागली. केतकीनं फ्रॉकला नाक पुसलं आणि म्हणाली, "परत लावा."

तिचे वाढदिवस तिला फारसे आठवत नसत. हा दिवस आठवायचा.

आता आई नव्हती. बाप-लेक दोघंच एका फ्लॅटमध्ये राहत. मुकुंद वाळिंबे म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर धरणांचे नकाशे हातानं काढलेला, रेघेला रेघ भिडवणारा माणूस. रोज संध्याकाळी ते सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जायचे आणि तावडेकाकांशी कॅरम खेळायचे. कंपनीनं चाचणीसाठी तिथं चार सवंगडी बोर्ड ठेवले होते. ते केतकीनंच आणवले होते. बोर्डाला दिवे आहेत, तो गुण मोजतो, 'क्या बात' म्हणतो, एवढं बाबांना ठाऊक होतं. बाकीचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. म्हातारा माणूस खूश होऊन घरी येतो, तर कशाला उगाच.

"तावड्याला आज लोळवला," बाबा चपला काढता काढता सांगायचे. "या वयात माझा हात सुधारतोय बघ, केतके."

जेवायला बसले की मात्र कुरकुर सुरू. "चटणी केली नाहीस आज?"

"वाढलीय, बाबा."

"कुठाय? बरं, असू दे."

आणि ताट उचलताना चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं डावीकडे जसंच्या तसं. केतकीला वाटायचं, म्हातारपणाचे नखरे. हल्ली ते दाराच्या चौकटीला खांदाही आपटून घेत. विचारलं तर चौकटीलाच शिव्या घालत.

एका रविवारी दुपारी सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर धडाम आवाज करून गेला. क्लबहाऊसमध्ये बाबांचा चष्मा द्यायला केतकी आली होती. चारही बोर्डांचे दिवे विझले, 'क्या बात' गप्प झालं, पंखे थांबले. खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता. खेळायला काहीच हरकत नव्हती.

बागूलबाईंनी स्ट्रायकर मारला. समोरची सोंगटी भोकापासून वीतभर लांब जाऊन कडेला आपटली. त्यांनी पुन्हा मारला. स्ट्रायकरच भोकात गेला. पलीकडच्या बोर्डावर दोन तरुण होते, सोसायटीच्या स्पर्धेतले जेते. त्यांना काही केल्या राणी हलवता येईना. इतके दिवस बोर्ड नेम सावरत होता, हात नेम धरायचं विसरले होते. जो तो स्ट्रायकर उलटसुलट करून बघू लागला. कुणी म्हणालं पावडर कमी आहे, कुणी म्हणालं दमट हवा आहे.

"बोर्ड बिघडले," बागूलबाईंनी निकाल दिला. "लाईट आली की खेळू. याच्यात काही मजा नाही."

आणि सगळे खरोखर हात चोळत बसून राहिले. दारं-खिडक्या उघड्या, समोर लाकूड, सोंगट्या, चार माणसं, अख्खी दुपार. पूर्वी माणसं एवढ्यावर सुट्टी काढायची. केतकीला किळस आली. ती नक्की कुणाची, हे तिला सांगता आलं नसतं. बसलेल्यांची थोडी, स्वतःची जास्त.

एकटे बाबा खेळत राहिले. ते चुकले याचं तिला आश्चर्य वाटलं नाही, सगळेच चुकत होते. पण बाकीचे इकडे-तिकडे कसेही चुकत होते. बाबा उजवीकडे बऱ्यापैकी नेम धरत होते, आणि डावीकडच्या भोकाशी त्यांची पांढरी सोंगटी अक्षरशः तोंडाशी आलेली असताना तिच्याकडे ढुंकून बघत नव्हते.

"वाळिंबे, ती घे की," तावडेकाका म्हणाले.

"कुठली?"

"अरे, ती काय. डोळे फुटले का तुझे?"

बाबा हसले. केतकीला हसू आलं नाही.

घरी आल्यावर तिनं रोजच्यासारखं ताट वाढलं. उजवीकडे भाजी, मध्ये पोळी, डावीकडे मीठ, लिंबू, दाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. बाबा जेवू लागले. भाजी संपली, निम्मी पोळी संपली. डावीकडे बोट लागलं नाही. मग केतकीनं काही न बोलता ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

"अगं," बाबा खुशीत म्हणाले, "चटणी आहे की. मघाशीच का नाही वाढलीस?"

केतकी उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती निमिष कोठावळेसमोर बसली होती. निमिष तिच्याहून लहान, हुद्द्यानं मोठा, आणि स्वभावानं इतका गोड की त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस कॉफी पिऊन परत यायचा. तिनं एकच प्रश्न विचारला. क्लबहाऊसमधल्या त्या बोर्डावर मुकुंद वाळिंब्यांना किती लिंबू लागतं?

निमिषनं भिंतीवर आलेख उघडला. रेघ वर्षभर आडवी होती. मग गेल्या पावसाळ्यात ती चढायला लागली होती आणि चढतच राहिली होती.

"आणि हे काय आहे?" केतकीनं खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"हे भारी आहे," निमिष पुढे सरकला. "या खेळाडूची नजर डावीकडे जातच नाही. सिस्टीमनं ते स्वतःहून ओळखलं. मग तिनं हळूहळू त्याच्या सोंगट्या उजवीकडे ओढायला सुरुवात केली. दर फटक्याला थोड्या थोड्या. त्याला कळलंसुद्धा नाही. आपण हे शिकवलेलं नव्हतं, केतकी. तिचं ती शिकली."

"तो खेळाडू माझा बाप आहे."

निमिषनं आलेखावरून नजर काढली. "काका बरे आहेत ना?"

"त्यांना डावीकडचं दिसत नाहीये. तुमच्या यंत्राला हे पावसाळ्यापासून ठाऊक आहे. मला काल कळलं, ताट फिरवल्यावर. एका माणसालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"आपण डॉक्टर नाही. कुणाचा हात थरथरतो, कुणाची नजर अधू होते, हे आपण सांगत सुटलो तर उद्या कोर्टात उभे राहू. आणि खरं सांगू? असं सांगितलं तर माणसं खेळणं सोडतात. आपले सगळ्यात टिकणारे खेळाडू हेच आहेत, ज्यांचं शरीर साथ सोडतंय ते. त्यांना दुसरीकडे कुठं जिंकता येत नाही ना. आपण त्यांना आनंद देतो."

"आनंद."

"तू भावनिक होतेयस. नाव तूच दिलंयस, लिंबू."

केतकीला वाटलं, समोरची कॉफी याच्या तोंडावर फेकावी. तिनं ती फेकली नाही. तिच्या मनात एवढंच आलं की खेळ ही एकच जागा होती जिथं माणूस काही न गमावता हरू शकायचा. घरात, नोकरीत, दवाखान्यात हरलं की लचका तुटतो. खेळात हरून माणूस फक्त एवढं शिकायचा की आपण कुठं आहोत. ते तिनं आणि तिच्यासारख्यांनी काढून घेतलं, वर चमचमती पावडर टाकली आणि त्याला आनंद म्हणायला लागले.

त्याच दिवशी तिनं राजीनामा दिला. तिच्या स्क्रीनवर निरोपाचा बिल्ला आला आणि रंगीत कागद उधळले गेले.

डॉक्टर काद्रींनी बाबांच्या डोक्याचा स्कॅन काढला आणि केतकीला आत बोलावलं.

"डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या उजव्या भागावर गाठ दाबतेय, म्हणून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जग दिसत नाही. आणि मेंदू लबाड असतो. जिथं दिसत नाही तिथं तो काळोख दाखवत नाही. तिथं काही नाहीच असं भासवतो. गाठ हळू वाढणारी आहे, काढता येईल. जीवाला धोका कमी आहे."

"आणि नजर?"

"गेलेली बहुतेक परत येणार नाही. सहा-सात महिने आधी आला असतात तर बरीच वाचली असती." त्यांनी कागद खाली ठेवला. "ते दिवसभर काय करतात? गाडी चालवतात? लिहितात?"

"कॅरम खेळतात."

"मग तुमच्या लक्षात यायला हवं होतं. कॅरममध्ये ते सारखे चुकायला हवे होते."

केतकीनं मान हलवली.

बाबांना तिनं ऑपरेशनच्या आधी सगळं सांगितलं. नर्स म्हणाली होती की पेशंटला त्रास होईल असं बोलू नका. पण न सांगता तो माणूस आत गेला असता तर तिला उभ्या जन्मात झोप लागली नसती. ती बोलत असताना बाबा छताकडे बघत होते.

"म्हणजे दिवाळीत तावड्याला लोळवला, ते?"

"लिंबू, बाबा."

"आणि तावड्या मला हरवायचा, ते?"

"तेही. दोघांनाही देतो तो बोर्ड."

बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू कच्चं लिंबू होतीस तेव्हा ते गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. तुलाही माहीत होतं. काढलं तेव्हा चारचौघांत सांगून काढलं. आणि तू मला, बापाला, न सांगता? मला खेळू दिलं नाहीस, केतके. खेळवलंस."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. केतकी उशाशी बसून राहिली. माफी मागायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण तो शब्द तिला त्या खोलीत फारच हलका वाटला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. डावी बाजू परत आली नाही.

बाबा दवाखान्यातच होते तेव्हा केतकी एका संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये गेली आणि तिनं सगळ्यांना बोर्डाचं गुपित सांगून टाकलं. जाळी, चकत्या, कॅमेरा, सगळं. तिची समजूत होती की लोक खवळतील. बोर्ड उचलून रस्त्यावर फेकतील, निदान कुणी तरी स्ट्रायकर आपटेल.

"एवढंच ना?" बागूलबाई म्हणाल्या. "अगं, मला वाटलं काही भलतंच सांगतेयस. मजा येते ना? मग झालं तर."

"तुम्ही कधी जिंकलाच नाहीत, बागूलबाई. कळतंय का मी काय म्हणतेय?"

"मी रोज जिंकते, बाई. माझ्याकडे बिल्ले आहेत."

महिन्याच्या आत कंपनीनं ते गुपित जाहिरातीतच टाकलं. सोनेरी लिंबू आणि खाली ओळ, 'आता कोणीच हरत नाही'. लोकांनी लिंबाची चित्रं फोनवर, गाड्यांवर, शाळेच्या दप्तरांवर डकवली. सोसायटीनं वार्षिक स्पर्धेच्या चषकावर लिंबू कोरून घेतलं. ज्या गोष्टीतून बाहेर पडायला पोरं रडायची, ती ही माणसं कपाळावर लावून मिरवत होती.

गुपित सांगितलं त्या संध्याकाळी तावडेकाका तेवढे तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आले होते. "वाळिंबे घरी आला की येईन म्हणावं," ते म्हणाले. "पण तू घरचा जुना लाकडी बोर्ड काढणार म्हणतेस... माझे हात आता पूर्वीचे नाहीत, गं. त्याच्यावर मी हरेन." मग जरा थांबून, "त्याला म्हणावं, इथंच ये."

ते घरी कधी आले नाहीत.

बाबा घरी आले. ताट समोर आलं की आता ते स्वतःच ते अर्धं फिरवत, उरलेलं बघत आणि जेवत. केतकीशी कामापुरतं बोलत. औषध दे, पंखा कमी कर. एका सकाळी मात्र ते माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो बोर्ड काढ."

जुना बोर्ड धुळीनं माखला होता. केतकीनं तो पुसला, खाली दोन पाट लावून समतल केला, बोरिक पावडर शिंपडली. बाबांनी बोटानं पावडर चाचपली. "तावड्या येतोय का?"

"नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले. "बस मग तू."

बाबा प्रत्येक फटक्याआधी मान पूर्ण डावीकडे फिरवत, तिथं काय आहे ते हेरून ठेवत आणि मग उजवीकडे येत. तेवढ्यात कधी डावीकडचं विसरत आणि पुन्हा मान फिरवत. डाव रेंगाळत होता. केतकीच्या काळ्या एकेक पडत होत्या. एक काळी अगदी भोकाशी होती. तिनं स्ट्रायकर जरासा बाजूनं मारला.

"सोडलीस," बाबा म्हणाले.

"नाही, सुटली."

"ड्राफ्ट्समनला सांगतेस? खोटंच खेळायचं असेल तर मी क्लबात जातो. ते यंत्र तुझ्यापेक्षा सफाईनं खोटं खेळतं."

केतकीचा चेहरा तापला. तिनं पुढचा फटका खरा मारला, आणि त्याच्या पुढचाही. राणी तिनं घेतली आणि कव्हरही केली. बाबांच्याही पांढऱ्या पडत होत्या, पण थोड्या थोड्यानं. शेवटी केतकीची एक काळी उरली. बाबांनी मान फिरवली, डावीकडून उजवीकडे नजर नेली, पण मान पुरेशी वळली नव्हती. ते मागे टेकले.

"माझ्या संपल्या वाटतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा धार आली होती. "संपल्या ना?"

डाव्या भोकाच्या अलीकडे, कडेला चिकटून, एक पांढरी होती. केतकीला ती स्वच्छ दिसत होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. सहज हात पुढे करून ती पांढरी उचलता आली असती, आवाजही झाला नसता. म्हातारा माणूस जिंकून उठला असता, रात्री नीट जेवला असता, आणि कदाचित तिच्याशी पूर्वीसारखा बोलायलाही लागला असता. याहून मोठं काही तिला नकोच होतं.

"नाही, बाबा. एक आहे अजून. डाव्या भोकापाशी, कडेला."

बाबांनी मान वळवली. आणखी वळवली. मग त्यांना ती दिसली. त्यांनी बराच वेळ नेम धरला, ओठ दाबून, नकाशावर रेघ मारताना दाबत तसे. फटका मारला. पांढरी कडेला घासून थरथरत पुढे गेली आणि भोकाच्या अलीकडे थांबली.

केतकीनं उरलेली काळी घेतली. डाव तिचा झाला.

बाबा बोर्डाकडे बघत बसले. पावडरनं पांढरी झालेली बोटं त्यांनी लेंग्याला पुसली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"परत लाव," ते म्हणाले.